ओटी ते मागची खोली: एका जोडणीवर दोन संगणक (प्रकल्प नोंदी, जून २०२४)

६ जून, गुरुवार

काल रात्री साडेअकराच्या सुमारास पाठोपाठ तीन विजा पडल्या, तिसरी अगदी जवळ. दिवे गेले ते पहाटे आले. सकाळी पाहतो तर राऊटर मेलेला. अडॅप्टरला जळका वास येत होता. राऊटर उघडला, आतला कपॅसिटर फुगून फाटलेला. फायबरचा डबा (ओएनटी) मात्र वाचला, कारण तो सर्ज प्रोटेक्टरच्या बोर्डावर होता. काचेच्या तंतूतून विजेचा झटका येत नाही, तो सॉकेटातूनच आला असणार.

घरात दोन संगणक. माझा ओटीलगतच्या खोलीत, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). काकीचा मागच्या खोलीत, त्यावर विंडोज १०. काकी एका संस्थेसाठी मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करते. ३० जूनपर्यंत २१२ पाने द्यायची आहेत, १३९ झाली, ७३ उरली. स्कॅन उतरवून घ्यायचे, वाचायचे, टाइप करायचे, परत चढवायचे, हे सगळे नेटवरच.

राजापुरात फोन केला. दुकानदार म्हणाला, हवा तो राऊटर कोल्हापूरहून मागवावा लागेल, पंधरा-वीस दिवस धरा. मोबाइलचे म्हणाल तर आमच्या वाडीत रेंजची एकच दांडी येते आणि घरात शिरल्यावर तीही जाते. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती आहेत, माजघराची तर दीड फुटाची. याच भिंतींमुळे मधल्या दारात वाय-फायचा रिपीटर लावला होता. राऊटरच नाही म्हटल्यावर रिपीटरचा उपयोग नाही.

तेव्हा ठरवले: फायबरची जोडणी थेट माझ्या संगणकावर घ्यायची, तिथून डायल करायचे (नेट देणाऱ्या कंपनीकडे नाव-पासवर्ड देऊन जोडणी सुरू करायची) आणि दुसऱ्या कार्डातून काकीच्या संगणकाला द्यायचे. मदरबोर्डचे पोर्ट ओएनटीला, जुना यूएसबी-इथरनेट अडॅप्टर काकीच्या केबलला.

पहिलीच अडचण: डायल केल्यावर पासवर्ड चुकीचा असल्याचा निरोप. वहीत लिहिलेला पासवर्ड तीनदा टाकून पाहिला. मग लक्षात आले की आपल्याकडे पुष्कळ सेवादार (नेट देणाऱ्या कंपन्या) खाते राऊटरच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे यंत्राच्या जन्मजात क्रमांकाशी, बांधून ठेवतात. नवे यंत्र दिसले की ते नाकारतात. मेलेल्या राऊटरच्या पोटावर स्टिकर होता, त्यावरचे बारा अक्षर-आकडे माझ्या कार्डाला क्लोन केलेला पत्ता म्हणून दिले आणि पुन्हा डायल केले. चार सेकंदांत लागले.

मिळालेला पत्ता १००.६४ च्या पुढच्या पट्ट्यातला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सेवादारांच्या आतल्या नॅटसाठी (एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक यंत्रे ठेवण्याची सोय) २०१२ पासून राखून ठेवलेला आहे. म्हणजे सेवादाराचे एक नॅट आधीच आहे, आता त्याच्या आत माझे दुसरे. आपल्या कामाला त्याने अडत नाही, पण नोंद असावी.

माझ्या संगणकावर नेट चालू. काकीकडे अजून काही नाही.

७ जून, शुक्रवार

आजचा सगळा दिवस केबलमध्ये गेला.

माळ्यावरून ओटीपासून मागच्या खोलीपर्यंत एक केबल तीन वर्षांपूर्वी टाकून घेतली होती, साधारण ३० मीटर. तिच्यावर नेट ‘असतं असतं नि जातं’, म्हणून शेवटी रिपीटर लावला आणि केबल तशीच पडून राहिली. इथरनेटची मर्यादा १०० मीटरची, तेव्हा ३० मीटरला काही हरकत नसावी. टेस्टर लावला. दोन्ही टोकांना एक ते आठ दिवे ओळीने लागले. टेस्टरच्या मते केबल उत्तम.

दोन्ही संगणक जोडले, हातानेच पत्ते दिले, पिंग लावला (छोटी पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, पाठवून उत्तर येते का ते पाहणे). १०० पैकी ११ पॅकेट हरवली. पॅकेटचा आकार १४०० बाइट केला तर ३८. कार्ड १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर उतरलेले आणि चुकांचा आकडा बघता बघता वाढत होता. अडॅप्टर बदलला, काही फरक नाही. दोन मीटरच्या तयार केबलने काकीचा संगणक माझ्या खोलीत आणून जोडला तर एकही पॅकेट हरवले नाही. दोष केबलचाच, टेस्टर काहीही म्हणो.

जेवण झाल्यावर खिडकीपाशी बसून टोकाचा पारदर्शक कनेक्टर भिंगाखाली धरला. तारा आत अशा ओळीत होत्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. रंगाला रंग लावून, दिसायला अगदी नीटनेटके. दुसऱ्या टोकालाही तसेच. एक नंबरची तार एकला, दोनची दोनला, म्हणून टेस्टरचे आठही दिवे लागतात. घोटाळा इथेच आहे.

इथरनेटमध्ये जोड्या एक-दोन, तीन-सहा, चार-पाच आणि सात-आठ अशा असतात. तीन आणि सहा या दोन पिनांवर एकाच पिळाच्या दोन तारा आल्या पाहिजेत. पिळाचा उपयोग असा की दोन तारांतून एकमेकींच्या उलट सिग्नल जातो, बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजाबाकी करताना तो निघून जातो. आमच्या केबलमध्ये तीन नंबरला हिरव्या पिळातली एक तार होती आणि सहा नंबरला निळ्या पिळातली. मग कसली वजाबाकी? एका पिळातला सिग्नल दुसऱ्या पिळात झिरपतो. दोन मीटरला हे खपून जाते, तीस मीटरला नाही. टेस्टर तार तुटली आहे की नाही एवढेच सांगतो, ती कोणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला कळायचे साधन नाही.

दोन्ही टोके कापली. नवी ओळ: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडे हीच. पूर्वी संगणकाला संगणक थेट जोडायचा तर एका टोकाला हिरवी आणि नारिंगी जोडी उलट लावून क्रॉस केबल करावी लागे. आताची कार्डे ते आपले आपण ओळखतात. पीळ कनेक्टरच्या अगदी तोंडापर्यंत ठेवला, अर्ध्या इंचाहून जास्त उसवला नाही. पहिला कनेक्टर वाया गेला, तपकिरी तार शेवटपर्यंत पोचली नव्हती. दुसरा बसला.

संध्याकाळी सहा वाजता: १००० एमबीपीएस, १०० पैकी १०० पॅकेट पोचली, १४०० बाइटनेही.

एक गोष्ट टोचून राहिली आहे. तार सोलताना पात्याने खरवडली तर वरच्या तांब्याखाली पांढरा धातू दिसला. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. दोनदा वाकवली की तुटते. आज चालते आहे म्हणून ठेवतो, पण या केबलवर माझा भरवसा नाही. घरातून केबल टाकून घेणाऱ्या प्रत्येकाने एक तार खरवडून बघावी. मिनिटभराचे काम आहे, आणि एकदा माळ्यावर खिळे ठोकून झाले की मग कोणी बघत नाही.

८ जून, शनिवार

नेटवर्क मॅनेजरमध्ये अडॅप्टरची जोडणी ‘इतर संगणकांना वाटून द्या’ या प्रकारावर टाकली. माझ्या बाजूला १०.४२.०.१ हा पत्ता आला, काकीच्या संगणकाला आपोआप १०.४२.० मधलाच पुढचा पत्ता मिळाला. म्हणजे डीएचसीपी (आपोआप पत्ता वाटण्याची सोय) चालते. (विंडोजवर पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर पत्ता देणारे कोणी भेटलेच नाही असे समजावे. आपली गाडी त्याच्या पुढे गेली होती.)

काकीकडून १०.४२.०.१ ला पिंग जातो. नावेही सुटतात, कुठल्याही साइटचे नाव विचारले की तिचा आकडी पत्ता बरोबर येतो. पण ब्राउझरमध्ये एक पान उघडेल तर शपथ.

नावे सुटतात म्हणून मी दोन तास चुकीच्या जागी शोधत राहिलो. काकीचा संगणक बाहेर पोचतोय, मग त्याच्याच फायरवॉलमध्ये किंवा ब्राउझरमध्ये काहीतरी अडत असेल, असे धरून चाललो. ते धरणे चुकीचे होते. नावाचा प्रश्न काकीचा संगणक माझ्या संगणकाला विचारतो आणि पुढे माझा संगणक स्वतःच्या नावाने बाहेर विचारून उत्तर आणून देतो. काकीचे स्वतःचे एकही पॅकेट त्यात उंबरठा ओलांडत नाही.

मग टीसीपीडम्प (कार्डावरून जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारे साधन) दोन्ही कार्डांवर एकदम लावला. आतल्या कार्डावर काकीची विनंती येताना स्पष्ट दिसते: एकदा, सेकंदाने पुन्हा, मग आणखी थोड्या वेळाने पुन्हा. बाहेरच्या पीपीपी कार्डावर (डायल केल्यावर संगणकात तयार होते ते) शुकशुकाट. म्हणजे पॅकेट माझ्याच संगणकात मरत होते. आयपीटेबल्स म्हणजे लिनक्सची फायरवॉल. तिची फॉरवर्ड साखळी (दुसऱ्याची पॅकेट पुढे जाऊ द्यायची की नाही ते ठरवणारे नियम) आकड्यांसकट काढली. वरच लिहिलेले: धोरण, ड्रॉप, म्हणजे टाकून द्या. शेजारी टाकलेल्या पॅकेटांचा आकडा. काकीला हाक मारली.

“काकी, एकदा रिफ्रेश कर गं.”

“केलं.”

आकडा २१४ वरून २१७ वर गेला.

“आणि एकदा?”

“केलं रे. काय होतंय?”

२२०. सापडले.

हे धोरण डॉकरने (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारे सॉफ्टवेअर) लावलेले. कचेरीच्या कामासाठी तो माझ्या संगणकावर आहे. डॉकर २०१७ च्या १.१३ आवृत्तीपासून सुरू होताना फॉरवर्डचे धोरण ड्रॉप करतो, म्हणजे आपला संगणक नकळत रस्ता होऊन कोणाचीही पॅकेट पुढे ढकलणार नाही. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. पण आज मला नेमका रस्ताच व्हायचे आहे. नेटवर्क मॅनेजरने वाटून देण्याचे आपले नियम वेगळ्या टेबलात घातले होते आणि त्यात ‘जाऊ द्या’ म्हटलेलेही होते. तरी भागत नाही. एका साखळीने हो म्हटले आणि त्याच टप्प्यावरच्या दुसऱ्या साखळीने नाही म्हटले, तर पॅकेट पडते.

डॉकर काढून टाकणे शक्य नाही. घरमालकाला स्वतःचे नियम घालता यावेत म्हणून डॉकर-यूजर नावाची साखळी त्याने ठेवलेली असते, तिच्यात दोन नियम घातले. एक, आतल्या कार्डावरून पीपीपीकडे जाणारे जाऊ द्या. दोन, पीपीपीकडून आत येणारे आधीच्या संवादाचे उत्तर असेल तरच येऊ द्या. दुसऱ्या नियमातली अट गाळू नये, नाहीतर काकीचा संगणक बाहेरून येणाऱ्या नव्या जोडण्यांना उघडा राहील.

रात्री सव्वानऊला काकीच्या संगणकावर पहिले पान उघडले. पावसाचा अंदाज.

९ जून, रविवार

सकाळी काकी म्हणाली, “सगळं उघडतंय, माझीच साइट उघडत नाही.”

बसून पाहिले. बातम्या उघडतात, मेल उघडते. संस्थेची साइट नुसती फिरत राहते. पान कोरेही होत नाही की चूक झाली म्हणून निरोपही येत नाही. आणखी पंधरा-वीस साइट पाहिल्या, त्यांतल्या तीन अशाच. माझ्या संगणकावर मात्र त्या चारही एका दमात उघडतात.

दुपारी अण्णांबरोबर शेतावर जायचे होते. पुढचे उद्या.

१० जून, सोमवार

काम झाले. सविस्तर लिहून ठेवतो, कारण हा दोष पुन्हा कोणाला भेटला तर तो ओळखणे कठीण आहे.

काकीच्या संगणकावरून ‘तुकडे करू नका’ असा शिक्का मारून वेगवेगळ्या आकारांचे पिंग पाठवले. १४६४ बाइटचा जातो. १४६५ चा अडतो. १४६४ मध्ये डोक्यावरचे २८ (प्रत्येक पॅकेटावरच्या पत्त्याच्या मजकुराचे बाइट) मिळवले की १४९२. साध्या इथरनेटवर हा आकडा १५०० असतो. मधले ८ बाइट पीपीपीओईच्या (इथरनेटवरून डायल करण्याची पद्धत) वेष्टनाचे. १९९९ साली ही पद्धत लिहिली गेली तेव्हापासून ते आठ तसेच आहेत. इथरनेटच्या चौकटीत १५०० च मावतात, त्यातले सहा पीपीपीओईने घेतले, दोन पीपीपीने, आपल्याला उरले १४९२.

आता काकीचा संगणक काय करतो? त्याचे कार्ड माझ्या अडॅप्टरला साध्या इथरनेटने जोडलेले, त्याला १५०० च ठाऊक. संवाद सुरू करताना तो समोरच्या सर्व्हरला सांगतो, ‘मला एका वेळी १४६० बाइटपर्यंत पाठव’ (१५०० वजा डोक्यावरचे ४०). सर्व्हर तसे पाठवतो. ते पॅकेट सेवादाराच्या दारापर्यंत येते, आणि पुढे १४९२ चाच रस्ता. सेवादाराचे यंत्र सर्व्हरला उलट निरोप धाडते की बाबा, छोटे करून पाठव. बहुतेक सर्व्हर ते ऐकतात, म्हणून बहुतेक साइट उघडतात. पण काही ठिकाणी फायरवॉल हा निरोप आतच घेत नाही. मग सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, ते पुन्हा पुन्हा दारात पडते, आणि काकी फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसते. सुरुवातीची ओळखदेख छोट्या पॅकेटांची असते, ती होऊन जाते. सर्व्हरने आपले प्रमाणपत्र पाठवले की पहिले भरलेले पॅकेट येते, आणि तिथेच सगळे थांबते.

माझ्या संगणकाला हा त्रास का नाही? तो स्वतःच डायल करतो, त्याला १४९२ ठाऊक आहे, तो पहिल्यापासूनच १४५२ सांगतो. आणि जुन्या राऊटरवर का नव्हता? घरगुती राऊटर सहसा जाता जाता हा आकडा दुरुस्त करून पुढे पाठवतात. ते मूकपणे चालणारे काम होते, राऊटर गेला तेव्हा तेही गेले.

खात्री करायला आधी काकीच्या कार्डाची मर्यादा तात्पुरती १४९२ केली. साइट तत्क्षणी उघडली. मग ती पुन्हा १५०० वर नेली, साइट पुन्हा अडकली. निदान पक्के.

काकीच्या संगणकावर तो बदल कायम ठेवता आला असता. पण उद्या अण्णांचा लॅपटॉप त्या केबलला लागला तर तोच दोष पुन्हा येणार. दुरुस्ती गेटवेवरच, म्हणजे मधल्या माझ्या संगणकावरच हवी. फायरवॉलच्या मँगल टेबलाच्या (पॅकेटात फेरफार करणारे नियम) फॉरवर्ड साखळीत नियम घातला: नवी जोडणी सुरू करणाऱ्या पॅकेटातला आकडा बाहेरच्या रस्त्याला मावेल इतका कर. टीसीपीडम्पने तपासले. आत येताना १४६०, बाहेर जाताना १४५२.

संध्याकाळी काकीने पाच दिवसांनी पहिले पान उतरवले. रंगीत, ३०० डीपीआय, टिफ, पानाला साधारण २५ एमबी. आमच्या ३० एमबीपीएसच्या जोडणीवर सात-आठ सेकंद.

११ जून, मंगळवार

एवढ्या जड फायली कशाला, जेपीजी का नाही, असे काकीला विचारले. तिने एक ओळ ४०० टक्के मोठी करून दाखवली. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग अक्षरे लटकवत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एखादे अक्षर ठरते ते बोरूच्या सुटलेल्या बारीक शेपटीवर. तीच ओळ जेपीजीत दाबून तिने शेजारी ठेवली. शेपटीच्या भोवती करड्या चौकटी आल्या होत्या, आणि मला तरी शेपूट कुठे संपते ते सांगता येईना. त्यानंतर फायलींचा आकार कमी करण्याचा विषय मी काढला नाही. हे काम नीट व्हायचे असेल तर पान मूळ आकारातच यायला हवे, आणि ते येत राहावे ही माझी जबाबदारी.

आज ९ पाने झाली.

१३ जून, गुरुवार

दुपारी मी जेवायला उठलो, वीस मिनिटांनी काकीचे नेट गेले. माझा संगणक रिकामा पाहून झोपला होता. झोप कायमची बंद केली, पडदा तेवढा मिटेल.

चार वाजता वीज गेली, इन्व्हर्टरवर येईपर्यंत संगणक बंद पडला. चालू केल्यावर काकीकडे पुन्हा ८ तारखेची स्थिती: नावे सुटतात, पाने नाहीत. हाताने घातलेले नियम स्मृतीतच असतात, बंद झाला की पुसतात. ते सुरू होताना आपोआप घालणारी छोटी सेवा लिहिली. ती आधी नुसती लवकर चालेल अशी ठेवली तर पहिल्याच नियमाला अडखळली, कारण डॉकर उठलेला नव्हता आणि त्याची साखळीच अस्तित्वात नव्हती. ‘डॉकरनंतर चाल’ अशी अट घातल्यावर व्यवस्थित. तीनदा बंद-चालू करून पाहिले.

१७ जून, सोमवार

काकीचा दर सोमवारी संस्थेतल्या तपासनीसांबरोबर व्हिडिओ कॉल असतो. शंकास्पद शब्द पडद्यावर दाखवून ठरवायचे. आज त्यांना तिचा आवाज तुटक ऐकू जात होता. शेवटी तिने शब्द चॅटमध्ये लिहून दाखवले. त्याच वेळी मी कचेरीचा मोठा बॅकअप वर चढवत होतो.

रात्री मोजले. शांत असताना पिंग १४ मिलिसेकंद. माझा बॅकअप चालू केला की ६०० च्या वर. वेग पुरेसा आहे, पण माझी पॅकेट रांगेत इतकी पुढे जाऊन बसतात की काकीच्या आवाजाचे छोटे पॅकेट शेवटी उभे राहते. ही रांग लागते ओएनटीत किंवा त्याच्या पुढे, जिथे माझा हात पोचत नाही. उपाय असा की अडणे आपल्याकडेच आणायचे: बाहेर जाणारा वेग माझ्याच संगणकावर खऱ्या क्षमतेहून किंचित कमी ठेवायचा, म्हणजे रांग माझ्याकडे लागेल आणि तिला शिस्त मला लावता येईल. यासाठी लिनक्समध्ये केक नावाची रांग आहे, कर्नेल (लिनक्सचा गाभा) ४.१९ पासून आतच येते. पीपीपी कार्डावर ती लावली, वेग २७ एमबीपीएस. सोबत दोन गोष्टी सांगितल्या: नॅटच्या आत डोकावून कोणते पॅकेट कोणाचे ते ओळख, आणि दोन संगणकांत वाटा समान ठेव, मग एकाने कितीही जोडण्या उघडल्या तरी.

बॅकअप चालू असताना पिंग: २१ ते २५.

नेट दोघांत वाटले असे मी ८ तारखेला लिहिणार होतो. ते खऱ्या अर्थाने आज वाटले गेले.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. काकी सकाळी पूजेला गेली, तेवढ्यात तिच्या कामाला धक्का न लावता परीक्षा घेतली. ओएनटीची वायर काढून दोन मिनिटांनी लावली. जोडणी आपोआप परत डायल झाली, पाने उघडतात, आकडा १४५२ आहे. पण केक गायब. प्रत्येक डायलला पीपीपी कार्ड नव्याने जन्माला येते, जुन्यावर लावलेली रांग जुन्याबरोबर जाते. म्हणून ते काम सेवेत न ठेवता नेटवर्क मॅनेजरच्या डिस्पॅचर फोल्डरमध्ये (जोडणी बदलली की तो यातल्या फायली चालवतो) स्क्रिप्ट करून टाकले, कार्ड उठले की ती चालावी.

चाललीच नाही. लॉगमध्ये कारण मिळाले: फाइल गटातल्या इतरांना लिहिता येण्याजोगी होती, आणि अशी फाइल नेटवर्क मॅनेजर हातात धरत नाही. मालक रूट (संगणकाचा मुख्य वापरकर्ता), लिहिण्याचा हक्क त्यालाच, चालवण्याची परवानगी. मग चालली. सहादा वायर काढली-लावली, सहाही वेळा केक जागेवर.

काकी परतली तेव्हा तिच्या संगणकावर आदल्या दिवशीचे पान जसेच्या तसे उघडे होते.

२८ जून, शुक्रवार

राऊटर आला. अण्णा राजापूरहून येताना घेऊन आले आणि म्हणाले, “लाव, लगेच लाव.” मी त्यांना म्हटले, “अण्णा, काकीची आठ पाने उरलीत. दोन दिवस थांबूया, तुमची हरकत नसेल तर.” त्यांनी खोका कपाटावर ठेवला.

सर्ज प्रोटेक्टरचा दुसरा बोर्डही आणायला सांगितला होता, तो आजच लावला.

३० जून, रविवार

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी काकीने २१२ वे पान चढवले. ६ तारखेपासून नेट नसलेले दिवस पाच. ११ जूनपासून तिच्या बाजूने झालेला खंड १३ तारखेचा, झोपेचा आणि विजेचा, एवढाच.

उरलेले:

राऊटर उद्या लावायचा. लावल्यावर काकीच्या संगणकावरून १४६४ आणि १४६५ चा पिंग पुन्हा घ्यायचा, आणि माझा बॅकअप चालू ठेवून पिंग मोजायचा. या राऊटरमध्ये केकसारखी सोय नसेल तर माझा संगणक मध्येच ठेवायचा की काय ते त्या आकड्यावरून ठरवू.

केबल. काल माळ्यावर गेलो तर तिसऱ्या वाशापाशी वरचे आवरण उंदराने चार बोटे कुरतडलेले, आतला निळा पीळ दिसतो. तूर्त टेप गुंडाळली. ७ सप्टेंबरला गणपती, त्याआधी आठ दिवस घर भरेल आणि माळ्यावर सामान चढेल. तोवर शुद्ध तांब्याची नवी केबल, पीव्हीसीच्या पाइपातून, दोन्ही टोके मी स्वतः बसवणार. पाइप ३२ मीटर, कोपरे चार.